बारीक माणसं कडेला

"आधी चार कोपरे," बाबा म्हणाले. "मधलं नंतर बघ. मधलं कुठं पळून जात नाही."

मी कॅमेऱ्याला डोळा लावून ढग्यांच्या बाहेरच्या खोलीत उभी होते. खोली बोळासारखी लांबट आणि अरुंद. एका टोकाला खुर्चीवर पल्लवी बसलेली, हिरवी साडी, गळ्यात, दंडात, कपाळावर फुलांचे दागिने. तिला सातवा महिना होता आणि तिचं डोहाळजेवण होतं. तिच्याभोवती सासरच्या, माहेरच्या, शेजारच्या अशा पंधरावीस बायका. साध्या लेन्समध्ये यातल्या निम्म्याच मावल्या असत्या. म्हणून बाबांनी त्यांची लाडकी वाइड लेन्स लावून कॅमेरा माझ्या हातात दिला होता. तीनेक वर्षांपूर्वी त्यांनी ती घेतली होती, आणि बार्शीतल्या अरुंद घरांसाठीच ती बनवली आहे असं ते म्हणत.

मी एक पाऊल मागे घेतलं.

"मागं कुठं निघालीस?"

"सगळ्या येत नाहीत त्यात."

"येतात. मागं सरकायची सवय मोड. या लेन्सला पुढं जावं लागतं. मागं गेलीस की माणसं मुंग्या होतात." मग त्यांनी बायकांकडे बघून टाळी वाजवली. "हं, ऐका माझं! बारीक माणसं कडेला! ही लेन्स कडेचं माणूस ताणते. ज्यांना दोन किलो वाढलेले चालतील, त्यांनी कडेला या."

एकदम गोंधळ झाला. एक चांगल्या अंगाच्या मावशी उठून थेट मध्यावर आल्या. "मग मला मधोमधच घ्या ओ पतंगे. पल्लवीच्या मांडीवर बसवा पाहिजे तर."

"तिच्या मांडीवरची जागा बुक झालीय," बाबा म्हणाले, आणि खोलीभर हसू पसरलं.

दोन कॉलेजातल्या मुली हसत हसत कडेला गेल्या. बाबांनी एकीला अर्धा हात आत घेतलं, दुसरीला मान सरळ ठेवायला सांगितलं. दोन्ही बाजूंना थोडी भिंत मोकळी सोडली. "सगळं मावतंय म्हणून सगळं कोंबायचं नाही," ते मला हळू आवाजात म्हणाले. "हं, आता कोपरे."

मी कोपरे पाहिले. वर डावीकडे झिरमिळ्यांचं टोक. वर उजवीकडे घड्याळ. खाली उजवीकडे ओटीचं ताट, ते मीच तिथे ठेवलं होतं, कारण पुढे काहीतरी जवळचं असलं की खोलीला खोली येते हे मी नुकतंच शिकले होते. खाली डावीकडे स्वयंपाकघराच्या दारात कोणीतरी पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन उभं होतं.

"डावीकडे कोणीतरी येतंय," मी म्हणाले.

बाबांनी पाहिलं. "दारातल्या ताई. हो, तुम्हीच. या की."

"मी नको. मी इथं बरी आहे," त्या म्हणाल्या. त्या पल्लवीच्या आई होत्या.

ढगेकाकू, म्हणजे पल्लवीच्या सासूबाई, म्हणाल्या, "राहू द्या ओ. त्यांना नको असतं."

बाबांनी माझ्या हातातला कॅमेरा घेतला, डोळा लावला आणि जोरजोरात मान हलवली. "नाही जमत. त्या तिथं राहिल्या तर बरोबर कोपऱ्यात येतात. हात भोपळ्याएवढा येईल त्यांचा. सगळा फोटो वाया. एक तर पार आत जा, नाहीतर मधे या. आणि आत जाऊ नका, आता काय काम आहे आत? पल्लवीच्या खुर्चीमागं जागा आहे बघा, तुमच्याच मापाची."

लेन्सपुढे कोण काय बोलणार? पल्लवीच्या आईंनी ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि बायकांच्या मधून वाट काढत त्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. पल्लवीने मागे न बघता खांद्यावरून हात वर केला आणि त्यांचा हात धरला.

बाबांनी कॅमेरा परत माझ्याकडे दिला. "काढ."

मी काढला. मला वाटलं, लेन्सच्या बाबतीत बाबा किती काटेकोर आहेत.

घरी आल्यावर त्यांनी जेवायच्या आधी कॉम्प्युटरवर फोटो उघडला. आई भाकरीचा हात तसाच घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"चांगला आहे," बाबा म्हणाले. "फक्त हे काय आहे?"

त्यांनी बोट ठेवलं तिथे, फोटोच्या तळाशी, ओटीच्या ताटाच्या अलीकडे, एक गुलाबी गोळा होता.

"माझ्या पायाचा अंगठा," मी म्हणाले.

आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. बाबा म्हणाले, "कोपरे बघितलेस, तळ राहिला. स्वतःचा फोटो काढायचा असेल तर दुकानात यायचं, रीतसर." मग भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाताना ते म्हणाले, "उद्या खिडकी. समोरून उजेड आला की या लेन्सचं काय होतं ते दाखवतो तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढीचं पाणी घेऊन आरशापुढे बसले आणि उठले नाहीत.

*

नंतरचे दिवस मला क्रमाने आठवत नाहीत. आठवतात त्या वस्तू, आणि त्या फार मोठ्या आठवतात. पुढ्यातलं स्टीलचं पातेलं. शेजारणीने आणलेल्या पिठल्यावरची मिरची. सतरंजीची निळी किनार. माणसं त्यांच्या पलीकडे कुठेतरी लांब, लहान लहान, बोलत असायची. मी त्यांना उत्तरं देत होते. चहा करत होते. माझा धाकटा भाऊ प्रसन्न पुण्याहून आला आणि दारातच ओक्साबोक्शी रडला, तेव्हा मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्या मनात आलं की याच्या बॅगेची चेन उघडी आहे.

बाबांचा फोन माझ्याकडे आला. लग्नसराई तोंडावर होती.

"पतंगे आहेत का?"

"नाहीत."

"कधी येतील?"

"तुमचं काय काम होतं? मी लिहून ठेवते."

मी खरंच लिहून ठेवत असे. मग काका त्या लोकांना फोन करून काय ते सांगत. वाचनालयात, जिथे मी नोकरी करत होते, तिथे लोक पुस्तक बदलताना आवाज खाली आणून म्हणायचे, "कळलं आम्हाला." मी "हं" म्हणायचे आणि पुस्तकाच्या मागे शिक्का मारायचे. सगळ्यांना माहीतच होतं. मला सांगावं लागलं असं कुणी भेटलंच नाही.

रडले नाही याचं मला फारसं आश्चर्यही वाटलं नाही. लोक म्हणत, हेमा खंबीर आहे. खंबीर नव्हते. मला काही होतच नव्हतं.

रविवारी वाचनालय बंद असायचं आणि किल्ली माझ्याकडे असायची. एका रविवारी मी बाबांची ती लेन्स घेऊन तिथे गेले. का, ते सांगता येणार नाही. घरी लोक येत होते आणि तिथे कोणी येत नव्हतं, इतकंच असेल. मी वाचनकक्षाचे फोटो काढायला लागले.

पहिले सगळे फोटो वाईट आले. कॅमेरा जरा वर झाला की पुस्तकांची कपाटं एकमेकांवर कोसळायला निघाल्यासारखी दिसत. जरा खाली झाला की ती बाहेर फाकत. भरलेली वाटी नेतो तसा तो सपाट धरावा लागतो हे हाताला कळायला बरेच रविवार गेले. मी सवयीने मागे सरकायचे, पाठ भिंतीला लागेपर्यंत, आणि मग फोटोत सगळं असायचं आणि काहीच नसायचं. चाळीस खुर्च्या, टेबलं, पंखे, सगळे सारखे लांब. हळूहळू मी पुढे जायला शिकले. एकाच खुर्चीपाशी जायचं, पार तिच्या पाठीला लेन्स लागेल इतकं, आणि मग बाकीची खोली आपोआप तिच्या मागे रांगेत उभी राहते. कडेला काय ठेवायचं ते आधी ठरवायचं, कारण कडेला जे जातं ते बिघडतं. आधी कोपरे, मग तळ, मग मध्य.

त्या खोलीत मी माझ्या तोंडून बाबांची वाक्यं म्हणत असे. त्यांचं नाव मात्र काढत नसे.

*

प्रसन्नचं लग्न आधीच ठरत आलं होतं. काका म्हणाले, वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. मुलगी कुर्डुवाडीची, ऋतुजा नावाची. साखरपुडा तिच्याच घरी करायचं ठरलं.

आदल्या दुपारी आई पलंगावर द्यायच्या साड्या मांडून बसली होती. एकेक उलगडायची, डाग नाही ना बघायची आणि परत घडी घालायची. प्रसन्न फोनवर होता. तो आत डोकावून म्हणाला, "ताई, त्यांचा हॉल फार अरुंद आहे म्हणे. फोटोग्राफर सांगू का तिथला कोणी?"

"नको. मी काढते. बाबांची वाइड लेन्स आहे ना," मी म्हणाले.

"जमेल तुला?"

"जमेल. बारीक माणसं कडेला."

आई साडीवर हात फिरवत होती, ती हसली. त्या सगळ्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. "मला कायम कडेला ठेवायचे. माझ्या माहेरच्या एकूणएक फोटोत मी कडेला आहे. शालन बारीक आहे, शालन कडेला."

"लेन्सच तशी आहे ती. कडेचं माणूस ताणते."

"लेन्स आत्ता आली गं," आई म्हणाली. "ते वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय."

"कुठलं?"

"हेच. कडेला माणूस ताणतं, तुम्ही मधे या. माझ्या मोठ्या वन्संच्या घरी बारसं होतं. प्रसन्नचा जन्मही नव्हता तेव्हा. वन्संचे मालक नुकतेच गेलेले. सगळ्या बायका पाळण्यापाशी आणि त्या पार माजघरात. स्वतःच्या नातवाचं बारसं आणि त्या माजघरात. ह्यांनी हाच घोळ घातला. कोपऱ्यात हात भोपळ्यासारखा येईल म्हणून त्यांना ओढून पाळण्याची दोरी हातात दिली. तेव्हा कुठली आली ही लेन्स? तो तीन पायांवरचा डबा होता."

"पण साध्या लेन्सला कडा ताणत नाहीत," मी म्हणाले.

"ते मला काय ठाऊक?" आईने साडीची घडी दाबून बसवली. "बायका यायच्या मधे, एवढं खरं. कॅमेरेवाला म्हणतोय म्हटल्यावर कोण भांडतंय?"

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? तू त्यांच्याबरोबर जात होतीस. मला वाटलं तुला दिसतंय."

संध्याकाळी मी देवघरातला तांब्या आणून टेबलावर ठेवला. आधी वाइड लेन्स लावली आणि तांब्या अगदी कडेला घेतला. त्याचं पोट एका बाजूला ओघळलं, गळा वाकडा झाला. मग बाबांची जुनी साधी लेन्स लावली आणि त्याला तसाच कडेला घेतला. तांब्या तांब्याच राहिला.

मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघत बसले. पल्लवीच्या आईंचं मोकळं कपाळ मला आठवलं, आणि पल्लवीने मागे न बघता वर केलेला हात. रडू आलं नाही. भूक लागली, म्हणून उठून पोहे केले. आई म्हणाली मीठ जास्त झालंय. झालं होतं.

*

कुर्डुवाडीचा हॉल ढग्यांच्या खोलीपेक्षाही अरुंद निघाला. एका भिंतीशी झेंडूच्या माळा सोडून दोन खुर्च्या मांडल्या होत्या. ऋतुजाची ओटी काकूंनी भरली. कुंकू काकूंनी लावलं. साडी आईने आणली होती, निवडली होती, रात्री उठून पुन्हा एकदा तपासली होती, पण ती तिच्या हातून काकूंच्या हातात गेली आणि काकूंच्या हातून ऋतुजाच्या. हे सगळं आधीच ठरलं होतं आणि ठरवताना आईच सगळ्यांत पुढे होती. "उगीच लोकांच्या घरी बोलायला जागा नको," ती म्हणाली होती. तिने मोतिया रंगाची साडी नेसली होती. कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका तेवढा होता.

मी फोटो काढत राहिले. अंगठी, पेढा, हार. माझे हात व्यवस्थित चालत होते.

"आता सगळ्यांचा एक होऊ दे," ऋतुजाचे वडील म्हणाले. "घरच्यांचा."

लोक गोळा झाले. प्रसन्न आणि ऋतुजा मधे. प्रसन्नच्या शेजारी काका, काकू. ऋतुजाच्या बाजूला तिचे आईवडील, मागे आत्या, मामा, चुलत भावंडं. मी म्हणाले, "बारीक माणसं कडेला." काकांनी चटकन वर पाहिलं आणि मग ते बुटांकडे बघू लागले. ऋतुजाचा एक मामा पोट आत ओढत म्हणाला, "मी आजपासून बारीक!" त्याच्या बायकोने त्याला दंडाला धरून मधे आणलं.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. सपाट धरला. वर डावीकडे झेंडूची माळ. वर उजवीकडे ट्यूबलाइट. खाली उजवीकडे ओटीचं ताट. खाली डावीकडे आई.

ती आतल्या खोलीच्या दाराशी, भिंतीला लागून, कोणाचा तरी रुमालात बांधलेला डबा घेऊन उभी होती. फोटोत यायचं नाही असंही नव्हतं आणि यायचं आहे असंही नव्हतं. लेन्समध्ये तिचा दंड लांबत गेला होता आणि चेहरा एका बाजूला ओघळला होता. आदल्या दिवशीच्या तांब्यासारखा.

"आई, तिथं नको. मधे ये," मी म्हणाले. "कडेला ताणतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत किंचित हसू होतं. तिला काय म्हणायचं होतं ते या अख्ख्या घरात फक्त मला कळणार होतं.

"ताणू दे," आई म्हणाली. "मी बारीकच आहे. बारीक माणसं कडेला."

दोघेतिघे हसले. काकू प्रेमाने म्हणाल्या, "राहू दे गं हेमा. जाऊबाईंना नको वाटतं. काढ तू."

काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. ढगेकाकूंच्याही नव्हतं. बाबा असते तर त्यांनी आणखी काहीतरी शोधून काढलं असतं, भोपळा नाहीतर दुधी, आणि लोक हसता हसता वाट देऊन मोकळे झाले असते. पण त्यांची ती युक्ती जगात एका माणसावर चालणार नव्हती, आणि ते माणूस तिथे दाराशी उभं होतं.

"काढ ना ताई," प्रसन्न म्हणाला. "सगळे थांबलेत."

आईला वगळून फोटो घेता आला असता. कॅमेरा जरासा उजवीकडे वळवला असता की ती निसटली असती. किंवा आहे तशी आली असती, कोपऱ्यात, आणि पुढची सगळी वर्षं तो फोटो प्रसन्नच्या भिंतीवर राहिला असता. मी एक पाऊल मागे घेतलं. पाठीला भिंत लागली.

मी कॅमेरा डोळ्यावरून काढला. तो गळ्यात सोडला तेव्हा त्याचं वजन मानेला जाणवलं. मी पुढे गेले. ओटीचं ताट ओलांडलं. लोकांनी बाजूला होत मला वाट दिली, त्यांना वाटलं मी कोणाची तरी मान सरळ करायला येतेय. मी आईपर्यंत गेले, इतकी जवळ की तिच्या चष्म्याच्या काचेवरचा पिठाचा कण मला दिसला. डबा तिच्या हातातून काढून घेतला आणि खाली ठेवला.

"अगं, काय करतेयस?" ती हळूच म्हणाली. "लोकं बघतायत. सांगितलं ना, कडेलाच बरी आहे मी."

"लेन्सचं काही नाही, आई."

"मग?"

मला वाटलं होतं माझा आवाज बारीक येईल. तो खोलीभर ऐकू गेला.

"बाबा गेले," मी म्हणाले. "बाबा गेले, आई. तू नाही गेलीस. मधे ये."